डोळ्याला न दिसणारं टाका, यंत्राला न कळणारं सांगा

प्रस्तावना

या पुस्तकाचा विषय दोन वाक्यांत सांगता येतो. वेबसाइटवरच्या फोटोत डोळ्याला जे दिसतच नाही, ते काढून टाका. आणि त्याच फोटोत यंत्राला जे कळत नाही, ते शब्दांत सांगा. सर्च इंजिनमध्ये वर येण्यासाठी चित्रांच्या बाबतीत जे जे करायचं असतं, ते या दोहोंपैकी कुठल्या ना कुठल्या वाक्यात बसतं. फाइल हलकी करणं, मापात आणणं, नव्या फॉरमॅटमध्ये बदलणं ही पहिल्या वाक्याची कामं. फाइलला धड नाव देणं, चित्राच्या जागी वाचता येणारा ऑल्ट मजकूर लिहिणं, फोटोखाली ओळ टाकणं ही दुसऱ्याची.

हे लिहिताना डोळ्यांसमोर होते ते बेंगळुरूतले आणि आसपासचे छोटे व्यावसायिक. चिकपेठेतले साडीवाले, घरून भाजणी आणि फराळ पाठवणाऱ्या गृहिणी, बेळगाव-निपाणीकडून माल मागवून इथे विकणारे, लग्नाचे फोटो काढणारे, खोल्या भाड्याने देणारे. मराठीचं या शहराशी नातं शहाजीराजांना इथली जहागीर मिळाली तेव्हापासूनचं आहे. भावसार, नामदेव शिंपी अशा समाजांतली कितीतरी कुटुंबं पिढ्यानपिढ्या इथे कापडाच्या आणि शिवणकामाच्या व्यवसायात आहेत आणि घरात आपापल्या वळणाची मराठी बोलतात. या मंडळींकडे आज वेबसाइट आहे, हातात उत्तम कॅमेऱ्याचा फोन आहे, आणि ‘पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणत महिन्याला पैसे मागणारा कुणीतरी मागे लागलेला आहे. तो नेमकं काय करतो, हे मात्र विचारायची सोय नसते. निदान चित्रांपुरतं तरी ते काम स्वतः करता यावं, किंवा दुसऱ्याकडून नीट करून घेता यावं, एवढा या पुस्तकाचा हेतू.

चित्र हलकं कसं करायचं या प्रश्नाचा माग काढत गेलं, तर माणूस बेंगळुरूतच येऊन पोचतो. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली याच शहरात झाला. के. आर. सर्कलजवळचं जे अभियांत्रिकी महाविद्यालय आज विश्वेश्वरय्यांच्या नावाने ओळखलं जातं आणि १९१७ साली जे त्यांच्याच पुढाकाराने सुरू झालं, तिथून अहमद १९६१ मध्ये पदवीधर झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत न्यू मेक्सिकोला गेले. नंतर ते कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एक प्रस्ताव पाठवला: चित्रासारखी माहिती कमी आकड्यांत साठवण्यासाठी कोसाइन फलनांचा उपयोग होतो का, हे तपासायचं होतं. प्रस्ताव नामंजूर झाला. कल्पना फारच साधी आहे, असं एका परीक्षकाचं मत पडलं, हे अहमद यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. अनुदान नाही म्हणून काम थांबलं नाही. विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ते तडीस नेलं, आणि जानेवारी १९७४ मध्ये तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजेच डीसीटी, ती हीच. १९९२ साली जेपेग प्रमाण ठरलं ते याच पायावर. पुढे व्हिडिओच्या बहुतेक प्रमाणांमध्येही ही पद्धत कुठल्या ना कुठल्या रूपात राहिली. आज चिकपेठेतल्या दुकानदाराने साडीचा फोटो काढून जेपेगमध्ये साठवला की त्याच्या फोनमध्ये जे गणित चालतं, त्याचा जनक त्याच्याच गावचा आहे.

ते गणित ढोबळमानाने समजून घेतलं, तर पुढची अर्धी प्रकरणं सोपी जातात. जेपेग चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे पाडतं. एका तुकड्यात ६४ ठिपके, म्हणजे ६४ आकडे. डीसीटी त्यांच्या जागी दुसरे ६४ आकडे देते. त्यातला पहिला आकडा त्या तुकड्याचा सरासरी उजेड सांगतो. बाकीचे आकडे तुकड्यातले चढउतार सांगतात, आधी संथ आणि मग अधिकाधिक बारीक. इथवर काहीच गमावलेलं नसतं. उलटं गणित केलं की मूळ ठिपके परत मिळतात. पण नेहमीच्या फोटोत शेजारशेजारचे ठिपके बहुधा सारखे असल्यामुळे सगळा ऐवज पहिल्या मोजक्या आकड्यांत गोळा होतो आणि उरलेले शून्याच्या आसपास घोटाळतात. आता कात्री लावायची ती या उरलेल्यांना. फार बारीक चढउतार आपल्या डोळ्याला जाणवत नाहीत, म्हणून त्यांचे आकडे जाडसर केले जातात आणि त्यातले बरेचसे सरळ शून्य होतात. रंगांचंही तसंच. उजेडातला फरक डोळा पटकन टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाची माहिती बहुतेक वेळा उभी-आडवी निम्मी, म्हणजे एकूण पाव करून साठवतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘क्वालिटी’ म्हणून जी पट्टी सरकवतो, ती म्हणजे या जाडसरपणाचा खटका. १०० वरून ८० वर आणली की फाइल खूप उतरते आणि फरक सहसा शोधून सापडत नाही. ४० वर आणली की मात्र सापडतो.

तो कसा दिसतो हे बघायला प्रयोगशाळा नको. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारं सुप्रभातचं चित्र उघडा आणि बोटांनी मोठं करा. गुलाबाच्या कडेला, अक्षरांच्या भोवती धूळ उडाल्यासारखं दिसेल, आणि मागच्या निळ्या आभाळात चौकोनी ठिगळं. तीच ८ बाय ८ ची विभागणी. कुणी ते उतरवून पुन्हा नव्याने चढवलं की दर वेळी चित्र पुन्हा दाबलं गेलं आणि दर वेळी थोडं आणखी शून्य झालं. यातून व्यवसायासाठी एक नियम निघतो, आणि तो पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल: मूळ फोटो जपून ठेवा, आणि प्रत्येक नवी आवृत्ती त्या मुळावरूनच काढा. विणकराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो उतरवून, कापून, त्यावर दुकानाचं नाव टाकून तो पुन्हा साठवला, तर वेबसाइटवर चढेपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो.

जेपेगनंतर काळ थांबलेला नाही. जिफ जेपेगच्याही आधीचा, १९८७ चा; पीएनजी १९९६ चा. वेबपी गूगलने २०१० मध्ये आणला, आणि एव्हीआयएफचं प्रमाण २०१९ मध्ये ठरलं. वेबपीची फाइल तशाच दिसणाऱ्या जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्क्यांनी लहान असते, असं गूगलचं म्हणणं आहे. एव्हीआयएफ बहुधा त्याहूनही खाली जातो. सफारीने २०२० मध्ये वेबपीला आणि २०२२ मध्ये एव्हीआयएफला जागा दिल्यापासून ‘आयफोनवर दिसणार नाही’ ही सबब उरलेली नाही. गूगलचा शोधही आता एव्हीआयएफ वाचतो. तरी प्रत्येकाचं काम वेगळं आहे. साडीचा, पदार्थाचा, खोलीचा फोटो वेबपी किंवा एव्हीआयएफमध्ये, आणि जुन्या ब्राउझरसाठी मागे जेपेगची प्रत. दुकानाचं बोधचिन्ह एसव्हीजीमध्ये, कारण ते रेषांचं वर्णन असतं आणि कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. सपाट रंगांच्या, बारीक अक्षरांच्या आकृतीसाठी पीएनजी. साडीचा फोटो पीएनजीत साठवणं हा या धंद्यातला सर्वांत महागडा गैरसमज आहे. ‘क्वालिटी जात नाही’ हे खरं, पण ती न गेलेली क्वालिटी बघायला ग्राहक थांबत नाही.

फॉरमॅटपेक्षाही मोठा फरक पडतो तो मापाने, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. एक हिशेब मांडू. साधा १२ मेगापिक्सेलचा फोन ४००० बाय ३००० ठिपक्यांचा फोटो काढतो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. कॉम्प्रेशनशिवाय तो ३६ एमबीचा झाला असता. जेपेगमुळे तो साधारण ४ एमबीवर येतो. आता हाच फोटो ग्राहक फोनवर बघतो. चांगल्या फोनची स्क्रीनसुद्धा बहुधा १०८० ठिपके रुंद असते. म्हणजे काठोकाठ दाखवला तरी १०८० बाय ८१० पुरे, आणि ते होतात पावणेनऊ लाखांच्या आत. उरलेल्या १ कोटी ११ लाख ठिपक्यांचं ओझं ग्राहकाच्या डेटावर टाकून ब्राउझर ते शेवटी फेकूनच देतो. एका पानावर असे २० फोटो असतील, तर ८० एमबी. तेच मापात कापून वेबपीत दिले, तर सगळं मिळून एकदोन एमबीत बसतं. मोठ्या स्क्रीनसाठी मोठी प्रत आणि फोनसाठी लहान, अशी निवड ब्राउझरनेच करावी यासाठी एचटीएमएलमध्ये ‘एसआरसीसेट’ आणि ‘पिक्चर’ यांची सोय आहे. ती कशी लिहायची याला एक आख्खं प्रकरण दिलं आहे.

आता या सगळ्याचा रँकिंगशी संबंध काय, ते स्पष्ट सांगायला हवं, कारण इथेच सर्वांत जास्त थापा मारल्या जातात. पानाच्या वेगाला शोधाच्या क्रमवारीत थोडं वजन देतो, असं गूगलने एप्रिल २०१० मध्ये जाहीर केलं. जुलै २०१८ पासून ते मोबाइलच्या शोधालाही लागू झालं. जून २०२१ पासून ‘कोअर वेब व्हायटल्स’ ही मोजमापं क्रमवारीत विचारात घेतली जाऊ लागली. त्यातली दोन थेट चित्रांशी निगडित आहेत. पहिलं, पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ. तो अडीच सेकंदांच्या आत असावा, आणि तोही तुमच्या ऑफिसातल्या वायफायवर नव्हे, तर दर चारपैकी निदान तीन खऱ्या भेटींमध्ये. दुकानाच्या पानावर हा सर्वांत मोठा भाग म्हणजे बहुधा वरचा भलामोठा फोटोच असतो. दुसरं, पान उघडताना मजकूर किती उड्या मारतो ते. फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहिलेली नसली, तर ब्राउझरला जागा राखून ठेवता येत नाही. फोटो उशिरा येतो, खालचं सगळं ढकलतो, आणि ‘विकत घ्या’वर टेकणारं बोट भलतीकडेच पडतं. दोन आकडे लिहायचे राहिले, एवढंच त्याचं कारण असतं.

तरीही वेग हा क्रमवारीतल्या कितीतरी गोष्टींपैकी एक आहे. शोधणाऱ्याला जे हवं ते तुमच्या पानावर नसेल, तर फोटो कितीही हलके करा, उपयोग नाही. दोन उत्तरपत्रिका सारख्याच तोलाच्या असतील तेव्हा स्वच्छ हस्ताक्षर कामी येतं. चुकलेलं उत्तर त्याने बरोबर होत नाही. वेगाचा खरा मोबदला दुसरीकडे मिळतो: आलेला माणूस टिकतो. बेंगळुरूतल्या मोठ्या कंपन्यांनी हे अनुभवलं आहे. २०१५ च्या सुरुवातीला फ्लिपकार्टने मोबाइलवरची वेबसाइट बंद करून सगळ्यांना ॲपकडे वळवलं. मे महिन्यात मिंत्राने तर वेबसाइटच बंद केली. ॲप उतरवून घ्यायचं तर आधी दुकान माहीत असावं लागतं. वस्तू शोधत अचानक येणारा अनोळखी ग्राहक येतो तो उघड्या वेबवरूनच. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘फ्लिपकार्ट लाइट’ या हलक्या रूपात फ्लिपकार्ट मोबाइल वेबवर परतलं, आणि २०१६ मध्ये मिंत्राची वेबसाइटही पुन्हा सुरू झाली. जिओ यायला अजून अवकाश होता, आणि टू-जीवर खरेदी करणारे लोक पुष्कळ होते. नव्या रूपात डेटा तिपटीने कमी लागतो, असं गूगलने या प्रयोगाच्या वृत्तांतात नोंदवलं. आज फोर-जी, फाइव्ह-जी सगळीकडे पोचलं, पण बसमधून जाताना पान उघडणारा, लिफ्टमध्ये अडकलेला, महिनाअखेर डेटा संपत आलेला ग्राहक अजून तोच आहे.

इथे एका सापळ्याबद्दल आधीच सावध करतो. फोटो स्क्रीनजवळ आल्यावरच उतरवायचा, ही ‘लेझी लोडिंग’ची सोय २०१९ पासून क्रोममध्ये अंगभूत आहे आणि ती चांगलीच आहे. पण बरेच तयार साचे ती सरसकट सगळ्या फोटोंना लावून टाकतात, अगदी पहिल्यालाही. जो फोटो उघडताक्षणी दिसायला हवा, त्यालाच ‘सावकाश ये’ असं सांगितलं जातं आणि अडीच सेकंदांची मर्यादा हातची जाते. वरचा फोटो ताबडतोब, खालचे सवडीने, एवढं पाळलं तरी पुष्कळ साधतं.

इथवर झाला पहिल्या वाक्याचा पसारा. दुसरं वाक्य यंत्राला न कळणाऱ्याबद्दल आहे.

फेब्रुवारी २००० मध्ये ग्रॅमी समारंभाला जेनिफर लोपेझ हिरवा व्हर्साचे पोशाख घालून गेली, आणि तो बघण्यासाठी लोक गूगलवर तुटून पडले. गूगलकडे द्यायला निळ्या दुव्यांच्या ओळी होत्या. लोकांना हवा होता फोटो. गूगल इमेजेसची कल्पना त्यातून पुढे आली, असं गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांनी नंतर सांगितलं. जुलै २००१ मध्ये ती सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यात २५ कोटी चित्रं होती. पण त्यातलं एकही यंत्राने ‘बघितलेलं’ नव्हतं. आजूबाजूचा मजकूर, फाइलचं नाव, चित्रामागे लिहिलेले शब्द यांवरून ते काय असावं याचा अंदाज बांधला जाई. आज यंत्र बरंच बघू लागलं आहे. गूगल लेन्सला फोटो दाखवला, तर ती साडी आहे, हिरवी आहे, काठ लाल आहे, इतकं तर ते सांगतंच. तरीही ऑल्ट मजकूर, चित्र ओळखणारी यंत्रणा आणि पानावरचा मजकूर या तिन्हींचा एकत्र विचार करतो, असं गूगल आजही सांगतं. हातमाग की यंत्रमाग, रेशीम की आर्ट सिल्क, पदर जोडलेला आहे की सलग, हे फोटोत असूनही ते खात्रीने कळत नाही. ते तुम्हालाच माहीत असतं.

एक फोटो जवळून पाहू. हिरवी इरकल साडी, पदर टेबलावर पसरलेला. फोनने फाइलला दिलेलं नाव म्हणजे ‘आयएमजी’ आणि पुढे तारीख-वेळेचे आकडे. ऑल्टची जागा रिकामी. सर्च इंजिनला यातून काहीच हाती लागत नाही. दुसऱ्या टोकाला, कुणीतरी सांगितलं म्हणून लिहिलेला ऑल्ट: ‘साडी साड्या स्वस्त साडी ऑनलाइन साडी बेंगळुरू साडी’. याने वाचणाऱ्याचा वैताग वाढतो, आणि असली भरताड सर्च इंजिन कधीपासून ओळखून आहेत. आता हे वाचा: ‘हिरवी इरकल साडी, गोमी काठ, लाल-पांढरा टोपपदर पसरून दाखवलेला’. ज्याने फोटो पाहिलेला नाही, त्याला फोनवर साडीचं वर्णन करावं, तसं एक वाक्य. शोधणारा ‘टोपपदर’ शोधो की ‘गोमी काठ’, दोन्ही शब्द तिथे आहेत, आणि खरेपणाने आहेत. जे चित्र फक्त शोभेचं, नक्षीचा तुकडा किंवा दुभाजक रेघ, त्याचा ऑल्ट मुद्दाम रिकामा ठेवायचा. आणि विक्रीचा फोटो सीएसएसमधून मागची पार्श्वभूमी म्हणून लावायचा नाही, कारण तिथली चित्रं गूगल सूचीत घेत नाही.

ऑल्ट मजकूर सर्च इंजिनसाठी जन्माला आलेला नाही, हे विसरलं की तो बिघडतो. चित्र दिसत नसेल तिथे त्याच्या जागी वाचता यावं म्हणून तो आहे, आणि आज त्याचे सर्वांत हक्काचे वाचक म्हणजे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारे अंध लोक. एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर २००६ पासून आकाराला येत गेला, आणि फोनमध्ये तर ही सोय अंगभूतच असते. बेंगळुरूतली एनेबल इंडिया ही संस्था १९९९ पासून दिव्यांगांच्या रोजगारासाठी काम करते आहे. या शहरात संगणकावर पूर्णवेळ काम करणारे, ऑनलाइन खरेदी करणारे अंध लोक आहेत. त्यांच्या कानांत तुमच्या दुकानाची एकामागून एक वीस ‘आयएमजी’ पडली, तर ते दुसऱ्या दुकानात जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने डिजिटल माहिती त्यांना वापरता यावी हे तत्त्व मान्य केलं आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सरळ आहे. अंध ग्राहकाला उपयोगी पडेल असं वाक्य लिहिलं की ते सर्च इंजिनलाही पुरतं. उलट वाटेने गेलं तर दोघांनाही पुरत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना दोन जादा अडचणी येतात, आणि इंग्रजी पुस्तकांत त्या सहसा सापडत नाहीत. पहिली फाइलच्या नावाची. देवनागरीतलं एकेक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, आणि वेबच्या पत्त्यात त्या प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसकट तीन चिन्हं होतात. म्हणजे एका अक्षराची नऊ. ‘इरकल’ या चार अक्षरांचीच छत्तीस. गूगलला हे वाचता येतं, त्यामुळे ती चूक नाही; पण असा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की आकडे आणि टक्के यांची मालगाडी दिसते आणि लोक तिच्यावर बोट ठेवायला कचरतात. म्हणून फाइलचं नाव रोमन लिपीत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन. आणि ऑल्ट, ओळ, शीर्षक पानाच्या भाषेत. पान कन्नडमध्येही असेल, तर त्याच फोटोला तिथे कन्नड ऑल्ट. बेंगळुरूत हे रोजचं आहे.

दुसरी अडचण जुन्या सवयीची. युनिकोड रुळण्याआधी मराठी वेबसाइटींना दोनच वाटा होत्या. एक, खास फॉन्ट, ज्यात ‘क’च्या जागी खरं तर एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेत साठवलेला असे. दोन, मजकुराचंच चित्र करून लावणं. दोन्ही माणसाला वाचता येत, सर्च इंजिनला नाही. त्या काळात लिहिलेला केवढा तरी मराठी मजकूर शोधाच्या दृष्टीने जणू नव्हताच. फॉन्टचा प्रश्न सुटला, चित्राची सवय मात्र उरली. आजही दिवाळीचा दरफलक, साड्यांच्या किमती, दुकानाचा पत्ता, ‘सोमवारी बंद’ ही सूचना, सगळं एका रंगीत पोस्टरवर छापून तेच पोस्टर वेबसाइटवर चढवलं जातं. महत्त्वाचा मजकूर चित्रात अडकवू नका, असं गूगलच्या सूचनांतही आहे. पोस्टर खुशाल लावा, पण त्यातला शब्द न् शब्द खाली टाइपही करा. मराठी पानांची क्रमवारी सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

हलकं करताना काही गोष्टी मात्र जपायच्या. ‘सगळा मेटाडेटा उडवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. फोटोबरोबर साठवलेलं जीपीएसचं ठिकाण उडवायलाच हवं. घरून व्यवसाय करणाऱ्या बाईने फराळाच्या ताटाबरोबर घराचे अक्षांश-रेखांशही जगाला का द्यावेत? पण त्याच झटक्यात रंगाची प्रोफाइल उडाली, तर विस्तृत रंगपट्ट्यात फोटो काढणाऱ्या फोनची चित्रं फिकी पडतात. डाळिंबी रंगाची साडी विटकरीकडे झुकते, ग्राहक ती परत पाठवतो, आणि वाचवलेल्या थोड्याशा बाइटपायी कुरिअरचा दुहेरी खर्च बसतो. आधी फोटो प्रमाण रंगपट्ट्यात बदलून घ्यायचा, मग प्रोफाइलला हात लावायचा. तसंच आयफोनचा हाइक फॉरमॅट: बहुतेक ब्राउझर तो दाखवत नाहीत, तेव्हा तो तसाच चढवायचा नाही. आणि उत्पादकाने पाठवलेला तोच फोटो शंभर दुकानांनी लावलेला असताना आपला वर यावा, ही अपेक्षा धरायची नाही. खिडकीजवळ, दिवसाउजेडी, स्वतः काढलेला फोटो हा या पुस्तकातल्या कुठल्याही तांत्रिक उपायापेक्षा वरचढ ठरतो.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात फोटो काढण्यापासून फाइल हलकी करण्यापर्यंत, दुसऱ्यात शब्द: नावं, ऑल्ट, ओळी, चित्रांचा साइटमॅप. तिसऱ्यात मोजमाप, म्हणजे गूगलची मोफत साधनं वापरून काय सुधारलं आणि काय नाही, हे कसं बघायचं. कोड येत नसेल, तर पहिले दोन भाग पुरेत; वेबसाइट सांभाळणाऱ्याशी काय बोलायचं हे त्यातून कळेल. इथले काही तपशील जुने होतील, हे धरून चालावं. २०२२ मध्ये गूगलने चित्रांच्या साइटमॅपमधल्या मथळा, ठिकाण अशा काही खुणा वाचणं सोडून दिलं. त्या भरण्यात ज्यांनी आठवडे घालवले, त्यांचं ते काम वाया गेलं. ज्यांनी तोच मथळा पानावर फोटोखाली लिहिला होता, त्यांचं राहिलं. म्हणून जिथे जिथे पर्याय होता, तिथे यंत्रासाठी लपवलेल्या खुणेपेक्षा माणसाला दिसेल असा मजकूर मी निवडला आहे.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. आपल्या वेबसाइटचं सर्वांत जास्त पाहिलं जाणारं एकच पान घ्या. त्यावरच्या फोटोंची यादी करा: प्रत्येकाची फाइल किती एमबीची, माप किती, नाव काय आणि ऑल्ट काय. ही यादी हाताशी ठेवून पुस्तक वाचा, आणि तेवढं एक पान आधी पूर्ण करा. सगळी वेबसाइट एकदम हाती घेणारे बहुधा अर्ध्यावर सोडतात. एक पान पुरं केलेल्याला पुढच्या पानांसाठी कुणाची गरज लागत नाही, आणि महिन्याचे पैसे मागणाऱ्याला कोणते प्रश्न विचारायचे, हेही तोवर कळलेलं असतं.